बोडकी काडी

फाल्गुन लागला होता. धुळोबाच्या वाडीवरचं आभाळ धड निळं नव्हतं, धड पांढरंही नव्हतं. धुळीनं म्लान, उन्हानं मंद, वाऱ्यानं थकलेलं असं ते माळावर ओणवलं होतं. माणदेशातला तो माळ उघडा, उताणा, निर्वृक्ष पडलेला. मुरमाची एक तांबूस लाट, तिच्यामागं मुरमाचीच दुसरी, तिच्यामागं तिसरी. लाटाच लाटा, आणि पाण्याचा मात्र कुठं थेंब नव्हता.

त्या तप्त, तृषार्त, ताम्रवर्णी विस्तारात एकच गोष्ट हिरवी होती. वाडीच्या वळणावर, सडकेच्या कडेला, भागाक्काच्या ओट्यापासून वीस पावलांवर मेंदीचं एक झुडूप उभं होतं. पुरुषभर उंच, बैलगाडीएवढं रुंद, बारीक पानांनी गच्च भरलेलं. त्याला कुणी पाणी घालत नव्हतं, खत घालत नव्हतं. ते आपलं आपण हिरवं होतं.

आणि दरवर्षी चैत्र सरता सरता ते फुलायचं. मोहरीएवढ्या कळ्यांचे घोस उमलायचे; दुधी, पिवळसर, धूसरशुभ्र. फूल असं की नजरेत भरू नये, आणि गंध असा की उंबरा ओलांडून आत यावा, चुलीपाशी बसावा, उशाशी निजावा. थोडा मातीचा, थोडा मधाचा, थोडा जुन्या पेटीतल्या लुगड्याचा. वाडीतल्या निम्म्या लोकांना तो वास कशाचा, हेच ठाऊक नव्हतं.

त्यांचाही दोष नाही. मेंदी माणसाला पानानं ठाऊक असते. कुंपणाची मेंदी कात्रीखाली वाढते. पान मुली नेतात, शेंडा शेळ्या नेतात, उरलंसुरलं कोयता नेतो, आणि फुलायची पाळी तिच्यावर कधी येतच नाही. भागाक्काला तरी बत्तिसाव्या वर्षापर्यंत कुठं ठाऊक होतं?

तिचं नाव भागीरथी. ज्या वाडीला टँकरनं पाणी येतं तिथल्या बाईचं नाव भागीरथी, याची थट्टा करून करून वाडी दमली आणि शेवटी भागाक्का म्हणू लागली. अठ्ठावन्न वर्षांची, काटक, मितभाषी, हेकट. हेकट हा शब्द वाडीचा. तिच्या मते ती फक्त एकदा धरलेलं सोडत नसे. घरात एकटी. कपाळ मोकळं, मनगटं मोकळी, आणि तळहात गेली सव्वीस वर्षं कोरे.

सव्वीस वर्षांपूर्वी पुतणीची हळद होती. भागाक्काचा नवरा जाऊन वर्षही झालं नव्हतं. मांडवात मेंदीचं ताट फिरत होतं. ओली, हिरवीगर्द, चिंचेच्या पाण्यात कालवलेली मेंदी. बायका हात पुढं करत होत्या. ताट भागाक्कापाशी आलं, क्षणभर थबकलं, आणि पुढं गेलं. मागून कुणीतरी कुजबुजलं, "बोडकीला कशाला?" एवढंच. तिनं पुढं गेलेला आपला हात मागं घेतला आणि पदराला पुसला. काहीही न लागलेला हात तिनं पुसला.

मग ती उठली आणि वळणावर येऊन उभी राहिली. वैशाखातली संध्याकाळ होती. जांभळी, जड, निःशब्द. रडू येत होतं आणि रडायचं नव्हतं. तेवढ्यात वाऱ्याबरोबर तो गंध आला. शोधत गेली, तर सडकेच्या कडेला, कुणाच्या कात्रीत न सापडलेलं, रानावलेलं एक मेंदीचं झुडूप फुलून आलं होतं. मेंदीला फूल असतं, हे तिला त्या संध्याकाळी कळलं.

पानाला बंदी होती. फुलाला बंदी घालायचं राहून गेलं होतं, कारण बंदी घालणाऱ्यांनी ते फूल कधी पाहिलंच नव्हतं. भागाक्कानं मोहोराचा एक घोस तोंडाजवळ ओढला आणि पोटभर वास घेतला. तिला बरं वाटलं. त्या वर्षात तिला पहिल्यांदाच बरं वाटलं.

त्या दिवसापासून ते झुडूप तिचं झालं. शेळीला, कोयत्याला, पाहुण्यांच्या पोरींना, कुणालाही तिनं त्याच्या शेंड्याला हात लावू दिला नाही. पुढं मेंदीचे कोन आले, पोरी पानं मागायच्या थांबल्या, आणि भांडायचंही कारण उरलं नाही. वर्षाचे अकरा महिने ती त्याच्याकडं नुसती बघे. बाराव्या महिन्यात कामं आवरून, उन्हं कलली की, त्याच्याशेजारच्या धोंड्यावर जाऊन बसे. एवढीच तिची चैन होती.

आणि या फाल्गुनात सडकेच्या कडेनं पांढऱ्या फक्कीची रेघ आली.

सडक रुंद होणार होती. रेघ माळावरून सरळ चालत आली. बांध ओलांडून, ओघळ ओलांडून, एका बाभळीला खेटून, आणि मेंदीच्या बरोबर मधून पलीकडं निघून गेली. भागाक्का दोरी धरून उभ्या असलेल्या मुकादमासमोर जाऊन उभी राहिली.

"ह्ये झाड कुठं जानार?"

"आक्का, ह्ये झाड न्हाई, झुडूप हाय." मुकादम माणूस वाईट नव्हता, उन्हानं पिकलेला होता. "झाडाची नोंद आस्ती. झुडपाची नस्ती. चैती पुनव झाली की मशीन येनार."

"मुळासकट उचलून दुसरीकडं लावलं तर?"

"एवढं जुनं? मुळं पार खडकात शिरल्याली असत्यात. वडलं की तुटनार." त्यानं टोपी काढून घाम पुसला. "काड्या लावा की. मेंदी काडीनं लागती म्हनत्यात."

हातात दीड महिना होता. वाडीत तेवढं एकच झुडूप असं होतं ज्याला फुलायची मुभा मिळाली होती, आणि तिच्या उभ्या आयुष्यात तेवढा एकच गंध असा होता ज्याला कुणाची परवानगी लागत नव्हती. तो जाऊ द्यायचा नाही, एवढं तिनं तिथंच ठरवलं. घरी येऊन कोयत्याला धार लावली.

काडी कशी करायची हे तिनं बापाच्या हाताखाली पाहिलं होतं. पेन्सिलीएवढी जाड, वीतभर लांब, चार डोळ्यांची. पानाच्या बगलेत जिथून नवा कोंब फुटतो, त्या गाठीला डोळा म्हणतात. खालचं टोक तिरकं छाटायचं, वरचं सरळ. म्हणजे घाईत काडी उलटी लागत नाही, डोळे आभाळाकडं राहतात. सरळ टोकावर शेणाचं बोट टेकवायचं, म्हणजे ओल उडत नाही. आणि पानं मुठीत धरून, शेंड्याकडून बुडाकडं, एका ओढीत उतरवायची.

पहिल्या दिवशी तिनं बारा काड्या केल्या. हात पाण्यानं भिजलेले, ऊन कलतं, मुठीतून पानं सरसर उतरत होती, हिरवा रस बोटांच्या बेचक्यांतून ओघळत होता. पुन्हा फांदी, पुन्हा मूठ, पुन्हा ती सरसर. काड्या घागरीत भिजत घालून ती भाकरी थापायला उठली.

सकाळी तिनं हात पाहिले.

तळहात केशरी झाले होते. पेरं शेंदरी, नखं तांबूस, आणि मुठीच्या मधोमध, जिथून फांदी ओढली गेली होती तिथं, लालचुटूक पट्टा. कुणी काढली नव्हती, कुणी लावली नव्हती. कष्टानं चढलेली मेंदी होती ती. सव्वीस वर्षं कोरा राहिलेला हात रंगला होता. आधी ती हरखली, अगदी पोरीसारखी. मग ती घाबरली.

टँकर आला. रांगेत तिच्यापुढं थोरली जाऊ पारूबाई होती. दोघींच्या घरांत एकच भिंत. चाळीस वर्षं त्या भिंतीपलीकडून पारूबाईच्या बांगड्यांचा आवाज भागाक्काला ऐकू येत होता. कपाळभर कुंकू, कोपरापर्यंत हिरवा चुडा, आणि वाडीची रीतभात सांभाळायचा मक्ता जणू तिलाच मिळालेला. घागर उचलताना भागाक्काची मूठ उघडली आणि पारूबाईनं पाहिलं.

"भागे," ती खालच्या आवाजात म्हणाली, "हात बघ तुजं. लोकं काय म्हनतील?"

"काड्या करत हुते, बाई."

"त्ये मला ठावं. लोकास्नी नुसतं हात दिसत्यात."

पारूबाई दुष्ट नव्हती. तिला खरंच काळजी वाटली होती, आणि त्या काळजीनंच घाव जास्त खोल गेला. घरी येऊन भागाक्कानं हात राखेनं घासले, लिंबानं घासले, विटेच्या तुकड्यानं घासले. कातडं सोललं, रंग जागचा हलला नाही. तिला लाज वाटली, मग लाज वाटल्याचा राग आला, आणि त्या रागाच्या भरात तिनं घागरीतल्या बारा उघड्या काड्या नेऊन उकिरड्यावर भिरकावल्या.

पण झुडूप तर वाचवायचंच होतं. तिनं नव्या चाळीस काड्या तोडल्या, आणि या वेळी पानाला बोट लावलं नाही. चिमटीत नुसतं लाकूड धरून, एकेक काडी पानांसकट, कोवळ्या हिरव्या शेंड्यासकट, दुधाच्या रिकाम्या पिशव्यांत मुरूम, पोयटा आणि शेणखत भरून लावली. चाळीस हिरवे तुरे ओसरीच्या सावलीत ओळीनं उभे राहिले. दृष्ट काढावी अशी शोभा होती. पारूबाईसुद्धा डोकावून म्हणाली, "लागलं की गं समदं!"

आपल्या वाटणीच्या पाण्यातलं तांब्या तांब्या पाणी ती त्यांना घाली. स्वतः कमी पीत असे. पाचव्या दिवशी पानं मलूल झाली. आठव्या दिवशी कडा वळल्या. पंधराव्या दिवशी चाळीसच्या चाळीस तुरे वाळून खडखडीत झाले, वाऱ्यानं वाजू लागले. त्यानंतरही तिनं आठ दिवस पाणी घातलं. मेलेल्याला पाणी घालतोय हे तिला कळत होतं, पण हात थांबत नव्हता.

पाडवा होऊन गेला. वळणावरच्या झुडपानं मोहोर धरला. पोपटी कळ्यांचे गच्च, मिटलेले, आश्वासक घोस. त्याला कुठं ठाऊक होतं फक्कीच्या रेघेचं? पुनवेला आठ दिवस उरले तेव्हा भागाक्कानं एक वाळकी काडी पदरात बांधली आणि ती आठवड्याच्या बाजाराला चालत गेली. तिथं रजाक मुलाणी रोपं घेऊन बसतो. मिशी पिकलेला, बोलका, हातांना कायम माती लागलेला माणूस.

रजाकनं काडी घेतली, नखानं साल खरवडली. आत सगळं तपकिरी, कोरडंठाक.

"पानं उतरवली हुती का, आक्का?"

"व्हय," ती म्हणाली. मग पायाच्या अंगठ्याकडं बघत म्हणाली, "न्हाई."

"मग कशी जगंल? मूळ तर न्हाईच, आन् पानं पानी मागत्यात. काडीतली हुती न्हवती ती ओल पानंच पिऊन बसली." त्यानं काडी परत दिली. "दिसाया ग्वाड दिसतंय पानासकट. पर काडी बोडकी करून लावायची आस्ती. बोडकीच जगती, आक्का."

त्यानं तो शब्द सहज उच्चारला. त्याच्या धंद्यातला रोजचा शब्द तो. भागाक्का मात्र जागच्या जागी खिळली. बोडकी. जिचं कुंकू पुसलं, जिचा चुडा उतरवला, तिला लोक पाठीमागून म्हणतात तो शब्द. मांडवातून तिच्याबरोबर उठून आलेला, सव्वीस वर्षं कानाशी बसून राहिलेला शब्द. तोच शब्द एक माणूस भर बाजारात, भर उन्हात, जगण्याविषयी बोलताना वापरत होता. तिला एकदम हसू फुटलं, आणि हसता हसता डोळ्यांना धार लागली.

"काय झालं, आक्का?"

"काय न्हाई रं. परत म्हन की."

"काय म्हनू?"

"आत्ता म्हनलास त्येच."

"बोडकीच जगती," रजाक गोंधळून म्हणाला, आणि दुसऱ्या गिऱ्हाइकाकडं वळला.

वाडीत आली ती घरात न जाता तडक उकिरड्याकडं गेली. शेणाच्या उबेत, खरकट्या पाण्याच्या ओलीत त्या बारा काड्या तिनं भिरकावल्या तशाच पडल्या होत्या. नऊ वाळल्या होत्या. तीन मात्र आडव्या पडल्या जागी डोळे उघडून बसल्या होत्या. प्रत्येक डोळ्यात तिळाएवढा हिरवा ठिपका. लाजेपायी जपलेल्या चाळीस मेल्या होत्या, आणि लाजेपायी फेकलेल्यांतल्या तीन जगल्या होत्या. भागाक्का तिथंच उकिरड्याच्या कडेला उकिडवी बसली आणि त्या तीन काड्यांकडं बघत राहिली. मग त्या तिनं ओंजळीत उचलून घरी आणल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी कोयता घेऊन ती झुडपापुढं उभी राहिली. ज्याच्या शेंड्याला तिनं सव्वीस वर्षं वारा सोडून कुणाला शिवू दिलं नव्हतं, त्याच्यावर आता तिलाच घाव घालायचा होता. मोहोर उमलायला पंधरवडा उरला होता. कळ्या ठेवून चालणार नव्हतं. पानासारखंच फूलही काडीची ओल पितं. तिनं एक घोस नाकाशी नेला. मिटलेल्या कळ्यांना वास नव्हता. या वर्षीचा गंध तिला मिळणार नव्हता, आणि पुढच्या वर्षीचा मिळेलच असं नव्हतं.

"ये माज्या घरी," ती झुडपाला म्हणाली, आणि कोयता चालवला.

फांद्यांचा ढीग ओट्यावर आला. आतल्या खोलीत नाही, मागल्या दारी नाही. सडकेच्या तोंडावरच्या ओट्यावर, भर दुपारच्या धवल, निर्दय उजेडात भागाक्का पाय पसरून बसली. हात पाण्यात बुडवला, फांदी धरली, मूठ आवळली, आणि ओढली. सरसर पानं उतरली. सरसर कळ्या उतरल्या. हिरवा चिखल मांडीवर साचू लागला.

भिंतीपलीकडचा बांगड्यांचा आवाज थांबला. पारूबाई दारात आली.

"आत बसून कर की, भागे."

"आत काडीचं डोळं दिसत न्हाईत, बाई."

"हात पुन्यांदा रंगत्याल."

"रंगू द्यात."

पारूबाई ढिगाकडं बघत राहिली, पुनवेच्या दिशेनं सरकणाऱ्या दिवसाकडं बघत राहिली, जावेच्या त्या न थांबणाऱ्या, ओल्या, हिरव्या मुठीकडं बघत राहिली. चाळीस वर्षांत भागीनं तिच्याकडं काही मागितलं नव्हतं, आणि आताही मागत नव्हती. त्याचंच तिला कुठंतरी लागलं.

"सरक जरा," पारूबाई म्हणाली. बांगड्या कोपराकडं सारल्या, बसली, आणि एक फांदी पुढं ओढली.

दोन दिवस दोघी ओट्यावर होत्या. एक पानं उतरवी, दुसरी छाटी. तिरकं खाली, सरळ वर, टोकाला शेणाचं बोट. उघड्या, काटकुळ्या, निष्पर्ण काड्या पिशव्यांत उभ्या राहत गेल्या. शोभा म्हणाल तर काडीची नव्हती. कुणी म्हणालं असतं, काटक्या रोवल्यात. तिसऱ्या दिवशी टँकर आला तेव्हा चार तळहात एकाच रंगाचे झाले होते, गर्द, गहिरे, डाळिंबी. कुठला कुणाचा हे फक्त मनगटावरून कळत होतं.

रांगेत कुणीतरी भागाक्काच्या हाताकडं बघून ओठ मुडपले. भागाक्कानं मूठ झाकली नाही. झाकायची वेळच आली नाही, कारण पारूबाईनं आपले दोन्ही तळहात त्या बाईच्या नाकापुढं धरले.

"काड्या करत हुतो आमी दोघी. हाय का काय म्हननं?"

त्या बाईनं आपली घागर पुढं सरकवली.

पुनव झाली. मशीन आलं. छाटून खुंट उरलेल्या त्या झुडपाला त्यानं दात लावले, झुडूप एकदा हललं, दोनदा हललं, आणि खडकात गेलेली मुळं तुटल्याचा आवाज ओट्यापर्यंत आला. भागाक्का बघत उभी राहिली. आपल्या आतलंच काही तुटल्यासारखं तिला झालं, आणि तरी तिनं नजर हलवली नाही. वळणावर एक लाल खड्डा उरला. संध्याकाळपर्यंत तोही बुजला.

मग सुरू झालं थांबणं. काड्यांवर ओलं गोणपाट, गोणपाटावर सावली. भाजी धुतलेलं पाणी, तांदूळ धुतलेलं पाणी, ओंजळ ओंजळ, थेंब थेंब. तळहातांचा रंग आधी विटला, केशरी झाला, पिवळा झाला, नाहीसा झाला. नखांवरचा मात्र राहिला. नखं वाढत गेली तसा तो पुढं सरकत गेला, बुडाशी पांढरं, टोकाशी लाल. भागाक्का रोज काड्यांकडं बघे आणि रोज नखांकडं बघे. ती नखं तिनं कापली नाहीत.

नखावर अर्धा रंग उरला तेव्हा एका सकाळी गोणपाट उचललं, आणि ओळीच्या ओळीनं हिरवे डोळे उघडलेले दिसले. एक नाही, दहा नाही. दीडशे काड्यांतल्या शंभरांवर काड्या जाग्या झाल्या होत्या. "बाई!" भागाक्का भिंतीवर थापा मारत ओरडली. "अवं बाई, जगल्या!" पलीकडून बांगड्या खळाखळा वाजल्या आणि पारूबाई पिठाच्या हातांनीच धावत आली.

पावसाळ्यात नव्या सडकेच्या कडेनं, फक्कीच्या रेघेच्या अलीकडं, घराघरापुढं मेंदी लागली. भागाक्का रोप द्यायची ते एका अटीवर. फूल बघितल्याशिवाय कात्री लावायची नाही. उकिरड्यावरच्या त्या तीन काड्या तेवढ्या तिनं कुणाला दिल्या नाहीत. त्या आपल्या ओट्यासमोर, स्वतःच्या हातानं लावल्या.

माघात पारूबाईचा नवरा गेला. दोन दिवसांचा ताप, आणि माणूस नाही. दहावा झाला, तेरावा झाला, पाहुणे पांगले. एका सकाळी भाकरी थापता थापता भागाक्काच्या लक्षात आलं की, भिंतीपलीकडून काहीच ऐकू येत नाही. चाळीस वर्षं ज्या आवाजावर तिनं दिवसाचे प्रहर ओळखले, तो आवाज कायमचा गेला होता. ती रडली, दिरासाठी रडली, आणि त्या बांगड्यांसाठी जास्त रडली.

पारूबाई घराबाहेर पडेना. पाणी भागाक्काच भरी. जावेच्या पुढं ताट ठेवी, उचलून नेई. पारूबाई भिंतीला टेकून, हात पदराखाली घेऊन, उंबऱ्याबाहेरच्या उन्हाकडं बघत बसे. इतक्या वर्षांची सांभाळलेली रीत आता तिला सांभाळत होती, घट्ट, कोंडून.

वैशाख आला. माळ पुन्हा तापला, आभाळ पुन्हा म्लान झालं, मुरमाच्या लाटा पुन्हा धुरकट झाल्या. आणि एका दुपारी, ऊन कलता कलता, ओट्यासमोरच्या त्या तीन झुडपांवर पहिला मोहोर उमलला. धूसरशुभ्र, मोहरीएवढा, नजरेत न भरणारा. गंध उंबरा ओलांडून भागाक्काच्या घरात आला, भिंतीला वळसा घालून पलीकडच्या घरात गेला. भागाक्कानं डोळे मिटून पोटभर वास घेतला. दोन वर्षांची भूक होती ती.

मग तिनं कोयता घेतला, फुलांच्या फांद्यांना धक्का न लावता बाजूच्या भाराभर फांद्या उतरवल्या, आणि तो हिरवा भारा पारूबाईच्या दारात नेऊन टाकला.

"बाई, बाहीर या. काड्या करायच्यात."

पारूबाईनं मान हलवली. हात आणखी खोल पदराखाली गेले.

"खालच्या वाडीनं शंभर रोपं मागितल्यात," भागाक्का म्हणाली. खालच्या वाडीनं वीसच मागितली होती. "मला येकटीला व्हनार न्हाई."

"मी आता..." पारूबाई म्हणाली. "भागे, माजं हात रंगत्याल गं. लोकं काय म्हनतील?"

भागाक्कानं पाण्याची परात तिच्यापुढं ठेवली. उंबऱ्यात वाकून तिचे दोन्ही हात धरले, पदरातून ओढून काढले. कोरे होते ते हात, मनगटावर बांगड्यांचे गोरे वळ अजून तसेच होते. ते तिनं पाण्यात बुडवले.

"काड्या करतोय म्हनायचं," ती म्हणाली. "सरका जरा."

पारूबाई सरकली. उंबऱ्याबाहेर एवढीशी सरकली, तेवढ्यानं उन्हात आली. मुठीत तिनं फांदी धरली, मूठ आवळली, आणि ओढली. सरसर पान उतरलं. पुन्हा फांदी, पुन्हा मूठ, पुन्हा ती सरसर. वाऱ्यावर मोहोर दरवळत होता, मांडीवर पानांचा हिरवा चिखल साचत होता, बोडक्या काड्या एकीशेजारी एक निजत होत्या. आणि चार मोकळ्या मनगटांखाली चार तळहात, भर वैशाखाच्या उघड्या उन्हात, हळूहळू, हळूहळू रंगत होते.